उजेडकाकांचे दोन डोळे

उजेडकाकांचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. बाकी सगळ्यांना ते उजेडकाका, आणि त्यामुळे त्यांची बायको आपोआप उजेडकाकू. काकूंना हे नाव मुळीच पसंत नव्हतं. "उजेड पाडला यांनी आणि नाव चिकटलं मला," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या. ऐकवून झालं की त्याला चहाही द्यायच्या.

दुकान दिव्यांचं. कुणाला घरात लावायला एखादा बल्ब हवा असला तर तो काकू द्यायच्या. काका आणि त्यांची मुलगी कामं घेत ती मोठी: दुकानं, कचेऱ्या, गोदामं, शिवणकामाचे कारखाने. कुठे कोणते दिवे, किती, किती उंचीवर, हे ठरवून द्यायचं आणि लावूनही द्यायचं. मुलगी वीजकामाचं रीतसर शिकली होती. काका शिकले ते शिडीवर.

गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "काका, यातला स्वस्त कोणता?" काकांचं उत्तरही ठरलेलं. "दिवा महाग नसतो. शिडी महाग असते." मग ते समजावून सांगत. छत पंचवीस फुटांवर असेल, तर दिवा बिघडल्यावर वर चढायला दोन माणसं लागतात, खालचा माल हलवावा लागतो, अर्धा दिवस धंदा बंद ठेवावा लागतो. वर्षाला शिडी लावायला लावणारा स्वस्त दिवा फुकट मिळाला तरी महागच. वॅट बघून दिवा घेणाऱ्यांचा तर त्यांना भारी राग होता. "वॅट म्हणजे तो खातो किती! काम किती करतो ते विचारा की! खायला काळ आणि भुईला भार असले दिवे पैशाला पासरी मिळतात."

इथपर्यंत काका शंभर टक्के बरोबर होते. घोटाळा पुढे होता, तो रंगाचा.

दिव्याचा उजेड कसा आहे, पिवळसर, निळसर की मधला, हे काका स्वतःच्या तळहातावर पाहायचे. दिवा लावायचा, त्याखाली उभं राहायचं, उजवा तळहात उघडायचा आणि डोळे किलकिले करून बघायचं. "तळहात खरा दिसला की दिवा खरा." मुलीने एक छोटं यंत्र घेतलं होतं. ते उजेड किती, कोणत्या रंगाचा, आणि त्यात वस्तूंचे रंग किती खरे दिसतील, याचे आकडे दाखवायचं. काका त्या यंत्राकडे, लग्नाच्या बैठकीत मध्येच बोलणाऱ्या पोराकडे बघावं तसे बघायचे. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" म्हणायचे आणि यंत्र खणात जायचं.

गेली आठ वर्षं हा तळहात न चुकता एकाच दिव्याला पसंती देत होता. खोक्यावर उजेडाच्या रंगाचा आकडा साडेसहा हजार असलेला, थंड पांढरा, बघणाऱ्याला जरा निळाच वाटावा असा. काकांच्या मते तो दुधासारखा उजेड होता. मुलगी म्हणायची, "बाबा, हा फार थंड आहे. तीन हजारवाला उबदार लावू या ना." काका म्हणायचे, "तो कावीळ झालेला दिवा. आणि मला सांग, आठ वर्षांत एक तरी तक्रार आली का?"

तक्रार खरंच एकही आली नव्हती. ही गोष्ट काका रोज दोनदा सांगायचे, एकदा दुकान उघडताना आणि एकदा जेवताना.

मुलीला खरी काळजी होती ती काकांच्या डोळ्यांची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि काका तीन वर्षं ऑपरेशनच्या तारखा चुकवत होते. कधी काम, कधी सर्दी, कधी "या महिन्यात नको". काकू म्हणायच्या, "शिडीवर सरसर चढतात, आणि डॉक्टरच्या पायऱ्यांवर यांचे गुडघे दुखतात."

अशात मंडईचं काम आलं.

मंडई मोठी, पत्र्याच्या उंच छपराखालची. चार ओळी, प्रत्येक ओळीत सोळा गाळे. वर जुने गुणगुणणारे दिवे होते, जे सकाळी लावले तर दुपारी नीट पेटायचे. मंडईच्या अध्यक्षबाई स्वतः कांदे-बटाट्याच्या व्यापारी, बोलायला मोजक्या आणि हिशेबाला पक्क्या. त्यांनी तीन दुकानदारांना बोलावून सांगितलं, "तिघांनी एकेक ओळ घ्या आणि आपापले दिवे लावा. चौथी ओळ जुनीच राहील, फरक कळायला. आठ दिवसांनी गाळेवाले मत देतील. ज्याच्या दिव्याला जास्त मतं, त्याला सगळी मंडई."

एवढं मोठं काम काकांच्या दुकानाला कधी मिळालं नव्हतं. पण काकांच्या मनात कामापेक्षा वेगळंच होतं. त्यांना वाटत होतं, ही मंडई आपल्या डोळ्याने उजळली की झालं. मग बसू आरामात. शेवटचं मोठं काम आपल्या नजरेचं असावं आणि लोकांनी मान डोलावावी, एवढीच त्यांची हौस होती.

मुलीने हे ओळखलं आणि सौदा केला. "बाबा, मंडईचा दिवा तुम्ही निवडा. मी एक शब्द बोलणार नाही. पण दिवे लागले की दुसऱ्या दिवशी डोळ्याचं ऑपरेशन."

काकांनी बराच वेळ दाढी खाजवली. मग म्हणाले, "एकाच डोळ्याचं."

"तसंही एका वेळी एकच करतात, बाबा."

सौदा ठरला. काकांनी तळहात उघडला, साडेसहा हजारवाला दिवा निवडला आणि दुसऱ्या ओळीत तसे बारा दिवे चढले. मुलीने दात-ओठ खाल्ले, पण शब्दाला जागली. दुसऱ्या दिवशी सकाळी काका उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायला गेले. डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं, ऑपरेशन जेमतेम वीस मिनिटं चाललं आणि त्यातली पंधरा मिनिटं काका त्यांच्या खोलीतल्या दिव्यांवर टीका करत होते.

पट्टी निघाली, काळा चष्मा आला आणि घरी बसण्याचा हुकूम झाला. काका एक दिवस बसले. त्याच्या पुढच्या दिवशी काकू न्हाणीघरात गेल्याबरोबर त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि मंडई गाठली. आपला उजेड आपल्या नव्या डोळ्याने बघायची घाई झाली होती.

दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी चष्मा काढला, सवयीने तळहात उघडला आणि बघितलं.

हात निळसर होता. पाण्यात फार वेळ राहिलेल्या माणसाचा असावा तसा. काकांना वाटलं डोळ्यात औषध गेलंय. त्यांनी डोळा पुसला, पुन्हा पाहिलं. मग नुसत्या डाव्या डोळ्याने पाहिलं. डाव्याला तोच हात छान, नेहमीसारखा, गोरागोमटा दिसत होता. उजव्याला निळा. डावा, उजवा, डावा, उजवा. मंडईच्या मधोमध एक म्हातारा माणूस आळीपाळीने डोळे मिचकावत उभा राहिला, तेव्हा समोरच्या लिंबूवालीने दोनदा इकडेतिकडे पाहून पदर सारखा केला.

काका ओळीतून पुढे गेले. पालक निळा पडला होता. वांगी काळी ठिक्कर. टोमॅटोवाल्या मावशींच्या गाळ्यावर तर टोमॅटोंच्या वर एक नारिंगी कापड दोऱ्यांनी ताणून बांधलं होतं, म्हणजे त्यातून येणारा उजेड तरी लाल दिसावा. या मावशी म्हणजे मंडईतली सगळ्यात तिखट जीभ. तराजूचा काटा जरा हलला तरी त्या पलीकडच्या ओळीला ऐकू जाईल असं बोलत. काका दिसताच त्यांनी ते कापड झटकन ओढून मांडीखाली घातलं.

"या काका! डोळा बरा आहे ना? दिवे काय झकास लावलेत!"

"झकास?" काका म्हणाले.

"एकदम झकास," मावशी म्हणाल्या आणि टोमॅटोंकडे बघायचं त्यांनी टाळलं.

काकांनी चष्मा परत चढवला. ते मंडईतून निघाले ते थेट जवळच्या सलूनमध्ये. सहा वर्षांपूर्वी तिथले दिवे त्यांनीच लावले होते आणि महिन्यातून एकदा ते तिथे केस कापायला जात. आज महिना भरला नव्हता, आणि आपण निघाल्याचं त्यांनी कुणाला सांगितलंही नव्हतं.

दार ढकललं तर सलून उबदार, सोनेरी उजेडात न्हाऊन निघालं होतं. आरशात बसलेल्या गिऱ्हाइकाच्या गालावर फेस होता आणि त्या उजेडात तो माणूस चांगला देखणा वाटत होता. सलूनवाल्याने दाराकडे पाहिलं. त्याच्या हातात वस्तरा होता आणि पाय मात्र सवयीने आपोआप स्टुलावर गेला. तसाच, एक पाय स्टुलावर आणि एक जमिनीवर, तो थांबला.

"काका, फोन नाही आला आज," तो म्हणाला. म्हणजे तोंडातून निसटलंच त्याच्या.

"कसला फोन?"

फेसवाला माणूस आरशातून दोघांकडे बघत होता. सलूनवाल्याने खण उघडला. कंगव्यांच्या शेजारी, टॉवेलात गुंडाळलेले चार दिवे होते. काकांचेच, थंड पांढरे.

मग सगळं बाहेर आलं. पहिल्याच आठवड्यात गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली होती की इथे बसलं की आजारी असल्यासारखं दिसतं. सलूनवाला तक्रार घेऊन दुकानात गेला, तेव्हा काका नव्हते, मुलगी होती. तिने त्याच दिवशी उबदार दिवे दिले आणि हात जोडून म्हणाली, "बाबांना सांगू नका. ते तुमच्याकडे यायला निघाले की मी फोन करीन." तेव्हापासून महिन्यातून एकदा फोन यायचा, 'बाबा निघाले', आणि सलूनवाला स्टुलावर चढून चार दिवे बदलायचा. काका गेले की पुन्हा चार. पुढचा शिंपी हेच करायचा. चपलांच्या दुकानातही हेच चालायचं. औषधांच्या दुकानात मात्र तो थंड दिवा खरंच शोभत होता, तिथे कुणी काही बदललं नव्हतं.

"पण मला सांगायचं ना रे!" काका ओरडले.

"कसं सांगणार?" सलूनवाला म्हणाला. "माझ्या पोरीच्या वाढदिवसाला दुकानाची वीज गेली, तर तुम्ही जेवणावरून उठून आलात. वायर जोडून परत जाऊन जेवलात. त्या माणसाला तुमचा दिवा वाईट आहे असं कोणत्या तोंडाने सांगू?"

काका खुर्चीवर बसले. आठ वर्षं एकही तक्रार नाही. रोज दोनदा मिरवलेलं ते वाक्य आता त्यांना घशात अडकलेल्या घासासारखं वाटत होतं. त्यांना राग आला होता, लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर सहा वर्षं स्टुलावर चढ-उतार करणाऱ्या त्या माणसाकडे बघून त्यांना हसूही येत होतं. यातलं आधी काय करावं ते त्यांना कळेना. शेवटी ते फेसवाल्याला म्हणाले, "तुमचा फेस वाळला हो."

घरी गेल्यावर मात्र हसू पळालं. मुलगी समोर आली तसे ते म्हणाले, "आजपासून दिवा तू निवड. माझ्या डोळ्याचं काय आहे ते मला कळलंय. आणि तुझ्या फोनचंही."

मुलीचा चेहरा उतरला. "बाबा, सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतंत. आणि ऐकलं असतंत ना, तर दुसऱ्या दिवसापासून दुकानात आला नसतात. मला तुम्ही दुकानात हवे होतात."

काका आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. काकूंनी सगळी हकीगत ऐकली, पोट धरून हसल्या, आणि मग पलंगाच्या कडेला बसल्या. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आता कळलं, आठ वर्षं तुम्ही घरात असले कच्चे टोमॅटो का आणत होतात. मी मेली त्या मावशींना शिव्या घालत होते."

काकांची पाठ जराशी हलली. ते हसत होते की नाही ते काकूंनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने डॉक्टरीणबाईंना फोन केला. मोतीबिंदूने डोळ्याचं भिंग पिवळं पडत जातं, इतकं हळूहळू की माणसाला पत्ता लागत नाही. त्या पिवळ्या भिंगातून निळसर उजेड पांढरा वाटतो, असं त्यांनी सांगितलं. मुलगी फोन ठेवून यंत्राचे आकडे पाहत बसली. मग एकदम उठली, मंडईत जाऊन आली आणि काकांच्या अंगावरचं पांघरूण ओढलं.

"बाबा, उठा. मंडईत सकाळी भाजी घ्यायला कोण येतं?"

"येतात म्हातारेकोतारे."

"त्यातल्या किती जणांचे डोळे तुमच्या डाव्या डोळ्यासारखे असतील?"

काका उठून बसले.

"माझ्या यंत्राला म्हाताऱ्याचा डोळा नाही," मुलगी म्हणाली. "मलाही नाही. तुमच्याकडे एक म्हातारा आहे आणि एक कोरा करकरीत. असा माणूस तिन्ही दुकानदारांत दुसरा कोणी नाही. चला."

दुकानामागची माल ठेवायची खोली, बिनखिडकीची. मुलीने टेबलावर टोमॅटो, फ्लॉवर, पालक, वांगी, लिंबं मांडली आणि खडूने भाव लिहिलेली एक पाटी ठेवली. वरच्या तारेला एकेक दिवा अडकवायची आणि विचारायची.

पहिला तीन हजारवाला, तिचा लाडका. "उजवा काय म्हणतो?"

"वा! टोमॅटो असे की चावावेसे वाटतात."

"डावा?"

काकांनी उजवा डोळा झाकला आणि तोंड वाकडं केलं. "फ्लॉवर शिळा. लिंबू कुठलं नि बटाटा कुठला ते कळत नाही. पाटीवरचा भाव वाचायला मला चष्मा आणि धीर दोन्ही लागतील."

मुलीने हातातलं यंत्र खाली ठेवलं. आठ वर्षं ती या दिव्याची वकिली करत होती, आणि मंडईतल्या निम्म्या गिऱ्हाइकांना त्याखाली फ्लॉवर शिळा दिसणार होता. "म्हणजे मीपण चुकले असते," ती हळूच म्हणाली.

"तू आठ वर्षं नाही चुकलीस," काका म्हणाले. "पुढचा लाव."

पुढचा चार हजारवाला, मधल्या पांढऱ्या उजेडाचा, खोक्यावर भरपूर उजेडाची जाहिरात असलेला आणि स्वस्त. यावर मात्र दोन्ही डोळ्यांचं एकमत झालं: टोमॅटो मातकट. यंत्रही तेच म्हणालं, उजेड भरपूर, पण रंग खोटे. मग शेवटचा, तोही चार हजारवालाच, दुसऱ्या बनावटीचा. काकांनी उजव्याने पाहिलं, डाव्याने पाहिलं, दोन्हींनी पाहिलं. पालक हिरवा होता, वांगी जांभळी होती, पाटी दुरून वाचता येत होती. त्यांनी पुन्हा उजवा डोळा झाकला.

"बाबा?"

"दोघंही गप्प आहेत गं. दोघांचंही भांडण मिटलंय." काकांच्या आवाजात कितीतरी दिवसांनी पूर्वीचा हुरूप आला होता. "यंत्र काय म्हणतंय?"

त्यांनी यंत्राचं मत विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. मुलीने आकडे वाचले. दिवा जरा महाग होता, पण त्याचा उजेड रुंद पसरत होता, म्हणजे बाराऐवजी दहात ओळ भागणार होती. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला हवी तशी वीज पुरवणारं छोटं खोकं, बाजूला वेगळं लावता येत होतं. बिघडलं तर फक्त तेवढं बदलायचं, तेही खांबावरच्या हाताशी येणाऱ्या पेटीत.

"शिडीच नको!" काका टाळी वाजवून म्हणाले.

आता अडचण एकच होती. अध्यक्षबाईंचा नियम असा की नमुन्याचे दिवे एकदा बदलता येतील, पण बदलायचे तर कारण सगळ्या गाळेवाल्यांसमोर सांगायचं. मुलगी म्हणाली, "मी सांगते. चुकून दुसरे खोके आले होते म्हणते."

"खबरदार," काका म्हणाले.

दुपारी मंडईत गर्दी नसते तेव्हा अध्यक्षबाईंनी सगळ्यांना गोळा केलं. काका काळा चष्मा काढून एका पालथ्या टोपलीवर उभे राहिले. मुलीने टोपली धरली.

"मंडळी," काका म्हणाले, "दुसऱ्या ओळीतला दिवा वाईट आहे. मी निवडला, म्हणून वाईट आहे. माझे डोळे पिवळे पडले होते आणि मला वाटत होतं जगच पिवळं आहे. आठ वर्षं मी लोकांना निळा उजेड विकला. कुणी तक्रार केली नाही, म्हणून मला वाटलं मी फार शहाणा. आता कळलं, लोक शहाणे होते आणि मी लाडका होतो." काहीजण हसले. काका हसले नाहीत. "उद्या नवे दिवे लागतील. ते चांगले आहेत असं मला वाटतं, पण माझ्या वाटण्यावर जाऊ नका. मत द्याल ते चिठ्ठीवर द्या, म्हणजे मला तोंड दाखवायची भीड नको. माझ्याकडे बघून देऊ नका. टोमॅटोकडे बघून द्या. ज्याला माझ्यावर उपकार करायचा असेल, त्याने कृपा करून दुसऱ्याला मत द्यावं."

ते खाली उतरले. मुलीने त्यांचा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

नवे दहा दिवे दुसऱ्या दिवशी चढले. दोन दिवस काका मंडईकडे फिरकले नाहीत. गेलो तर लोक गोड बोलतील, अशी त्यांना धास्ती होती. मतांच्या दिवशी मात्र जावंच लागलं. चौसष्ट चिठ्ठ्या एका बटाट्याच्या टोपलीत जमल्या आणि अध्यक्षबाईंनी भाव पुकारावा तशा त्या वाचल्या. पहिल्या ओळीला नऊ, तिसरीला अकरा. तीन जणांनी जुनेच दिवे बरे असं लिहिलं होतं. असे तीन जण प्रत्येक मंडईत असतात. बाकी एक्केचाळीस दुसऱ्या ओळीला.

टाळ्या पडल्या. लिंबूवालीने काकांच्या हातात मूठभर लिंबं कोंबली. कुणी म्हणालं उजेड म्हणजे उजेड, कुणी म्हणालं काकांची नजर ती काकांची नजर. मुलगी रडत हसत होती. काकूही आल्या होत्या आणि आपण कोण आहोत ते न विचारणाऱ्यालाही सांगत होत्या, "मी उजेडकाकू."

काका मात्र गर्दीच्या मधोमध कसनुसं हसत उभे होते. हीच मंडळी पाच दिवसांपूर्वी निळ्या टोमॅटोंना झकास म्हणत होती. चिठ्ठीवर नाव नव्हतं हे खरं, पण ओळ कुणाची ते सगळ्यांना ठाऊक होतं. ही मतं दिव्याला पडली की वाढदिवसाला जोडलेल्या वायरीला, हे सांगणार कोण? एक्केचाळीस चिठ्ठ्या एकेक करून पाहिल्या तरी ते कळणार नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय काकांना हे काम आपलं वाटणार नव्हतं.

तेवढ्यात गर्दीला कोपराने बाजूला सारत टोमॅटोवाल्या मावशी आल्या. त्यांनी टाळी वाजवली नव्हती. दोन्ही हात कमरेवर होते.

"काका, अभिनंदन नंतर. आधी माझ्या गाळ्यावर चला."

"का हो?"

"का काय? बाराचे दहा दिवे केलेत ना? मधला खांब आता बरोबर माझ्या आड येतो. डाव्या बाजूच्या चार टोपल्या सावलीत बसल्यात. लोक उजवीकडचे टोमॅटो उचलतात नि डावीकडचे तसेच राहतात. मत मी तुम्हालाच दिलंय, टोमॅटो लाल दिसतात म्हणून दिलंय. पण ही सावली तुम्हाला दिसली कशी नाही? दोन-दोन डोळे घेऊन फिरता ना?"

टाळ्या थांबल्या. सलूनवाला गर्दीत होता, त्याने डोळे मिटून घेतले. मुलगी पुढे होऊन काही बोलणार, तोच तिला बाबांचा चेहरा दिसला आणि ती थांबली.

काकांनी गाळ्याकडे पाहिलं. खांबाची सावली खरंच होती, चार टोपल्यांवर आडवी, स्पष्ट. उजव्या डोळ्याला दिसत होती. डाव्या डोळ्यालाही दिसत होती.

"मावशी," काका म्हणाले, "पुन्हा एकदा सांगा बरं. जरा मोठ्याने."

"सावली पडते!" मावशी पलीकडच्या ओळीला ऐकू जाईल असं ओरडल्या. "माझं नुकसान होतंय! आत्ताच्या आत्ता काढा!"

काका हसायला लागले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसत राहिले. डॉक्टरीणबाईंनी डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं बजावलं होतं, पण त्या तिथे नव्हत्या. हातातली लिंबं त्यांनी काकूंच्या ओटीत टाकली, बाह्या वर सारल्या आणि सगळ्या मंडईला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"अगं पोरी, शिडी आण! तक्रार आली!"